हॉर्नवाल्याची विनंती

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या बागेत उन्हाळ्यात दर बुधवारी ऑर्केस्ट्रा सेरेनेड वाजवतो. त्यात हॉर्न हे फुंकायचं पितळी वाद्य वाजवणारा एक म्हातारा आहे. सुरावटीचे कागद उडू नयेत म्हणून तो त्यांना कपड्यांचे चिमटे लावतो, फुंकून हॉर्नमध्ये साचलेलं पाणी गवतावर झटकतो आणि खुर्चीत असा बसतो, जणू कुणीतरी आणून ठेवलाय.

तरुणपणी मी इथे डोळे मिटून, पाठ ताठ करून बसायचे. कळत काडीचं नव्हतं, पण शेजारी कुणी वेफर्स खाल्ले तरी डोळे वटारायचे.

परवा नातीबरोबर गेले होते. मध्यंतरात तो हॉर्नवाला ओठ चोळत माझ्या शेजारी टेकला. मी ऐटीत सांगितलं, "तीस वर्षं मी इथे चकार शब्द न काढता ऐकतेय."

"तिथेच तर घोळ झाला," तो दमल्यासारखा हसला. "सेरेनेड म्हणजे बागेतल्या मेजवानीचं संगीत. लोकांनी खावं, गप्पा माराव्यात म्हणून लिहिलेलं. तुम्ही गप्प बसता, मग माझी प्रत्येक चूक ऐकू येते. आता ओठ साथ देत नाहीत. शेवटी माझा एकट्याचा उंच सूर आहे. तेव्हा जरा बोलाल?"

शेवटी त्याने माझ्याकडे बघून हॉर्न उचलला. मी नातीला खणखणीत आवाजात विचारलं, "थालीपीठ देऊ का गं?"

"आजी, स्टॉप इट!"

अख्खी बाग वळून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. सूर लागला की चिरकला, कुणालाच कळलं नाही.