पाच इंची स्लॅबखालच्या बॅटऱ्या

माझ्याइतका काळजीखोर भाडेकरू नाशिकमध्ये सापडणार नाही, आणि आमच्या घरमालकांइतकी काळजी पुरवणारा घरमालक तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली अण्णा एकटेच. जन्मभर नाशिकरोडला गॅरेज चालवून ते बंद केल्यावर त्यांनी एक खोली ई-रिक्षांतून उतरवलेल्या लिथियम बॅटऱ्यांनी भरली. "रिक्षा ओढायचं बळ गेलंय हो, पण बसल्या जागी दिवे-पंखे चालवतील की," असं म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यांवरून फिरे. दिवसा गच्चीवरच्या सोलरवर बॅटऱ्या भरायच्या आणि संध्याकाळी सगळं घर त्यांच्यावर चालायचं. लाइट गेली की गल्लीत अंधार आणि आमचा फ्रिज चालू. शेजारी हेवा करत. मी घाम पुसत असे.

सकाळी उठल्याबरोबर अण्णा प्रत्येक बॅटरीला हाताची पालथी बाजू लावून बघत, तापात पोराचं कपाळ बघावं तशी. बॅटरी पूर्ण भरू द्यायची नाही, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं, हा त्यांचा नियम. तो पाहुण्यांनाही लागू होता. माझ्या मेहुण्याने दुसऱ्यांदा पोहे मागितले, तेव्हा त्याच्याकडे निरखून पाहत अण्णा म्हणाले, "झालेत तुमचे ऐंशी."

माझा हिशेब वेगळा होता. त्या खोलीच्या बरोबर वर माझी मुलगी झोपायची. मध्ये पाच इंचांचा स्लॅब. मी जिन्यात आग विझवायचं नळकांडं टांगलं. अण्णांनी त्याला छत्री अडकवली. पुढे तर त्यांनी स्वतःची खाटच बॅटऱ्यांच्या खोलीत हलवली. "म्हातारपणचं प्रेम," बायको म्हणाली.

एका एप्रिलच्या दुपारी खालून नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. मी मुलीला ओढतच अंगणात आलो. अण्णांनी फुगलेली बॅटरी फावड्यावर घेऊन केव्हाच वाळूच्या घमेल्यात पुरली होती आणि लांब खुर्ची टाकून ते तिच्यावर नजर ठेवून बसले होते. माझा आवाज चढला. "अण्णा, हीच रात्री फुगली असती तर?"

"म्हणून तर खाट आत टाकली ना," ते घमेल्यावरची नजर न काढता म्हणाले. "वर पोरगी झोपते तुमची. काही झालंच तर आधी मला कळायला पाहिजे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या बॅटऱ्या टेम्पोत भरल्या आणि निफाडला पुतण्याच्या द्राक्षबागेत नेल्या. तिथली पंपाची शेड वस्तीपासून लांब आहे. अण्णाही टेम्पोतच बसले. त्यांना बॅटऱ्या एकट्या सोडवेनात.

आता खालच्या खोलीला कुलूप आहे. कोणत्याही हिशेबाने घर पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे. तरी झोपण्याआधी मी मुलीच्या खाटेशेजारी वाकून फरशीला हाताची पालथी बाजू लावतो. फरशी गार असते. आता खाली कुणीच नाही, हेही तेव्हाच आठवतं.