दिवाणखान्यातली किंकाळी

आत्याने शिवणबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दाराच्या फटीतून डोकावत होत्या, गळ्यात मोजपट्टी आणि ओठांवर बोट. आत्या उंबऱ्यावरच थबकली.

कारण टीव्हीवर बघून बघून हे घर तिला पाठ झालं होतं. याच दिवाणखान्यातल्या जिन्यावरून मालिकेतल्या मोठ्या मालकिणीने दोन सुनांना ढकललं होतं. मालिका केव्हाच संपली, तरी लोक घर बघायला यायचे, जिन्यावर उभं राहून फोटो काढायचे. आत्या फोटोसाठी आली नव्हती; भाचीला घेऊन स्थळ बघायला आली होती. तिच्या भाचीने याच घरातला, शिवणबाईंचा मुलगा पसंत केला होता. आत्याने अंगाखांद्यावर खेळवलेली पोर ती. "तू हो म्हणालीस तरच," असं म्हणून तिने सगळं आत्यावर सोडलं होतं.

"या ना," शिवणबाई कुजबुजल्या.

"बसा," मुलगाही कुजबुजला.

"बसते!" आत्या म्हणाली आणि खिडकीची काच थरथरली. तिने जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली होती.

चहा करायला मायलेक आत वळले, तसं तिने भाचीला कोपराने ढोसलं. "ही माणसं अशी का बोलतात गं?"

"सवय लागलीय. शूटिंगच्या वर्षांत हे सगळे मागच्या स्वयंपाकघरात कोंडलेले असायचे. भांडं वाजलं तरी बाहेरून ओरडा बसायचा."

"मोठी मालकीणही कुजबुजायची. नंतर दुधात काहीबाही घालायची."

"आत्या, पुरे! मी आत मदतीला जाते."

भाची गेली आणि आत्याला राहवेना. चोरपावलांनी ती जिना चढली. वरचं दार म्हणजे मोठ्या मालकिणीची खोली. आत काय दडलंय ते आज बघायचंच! ती आत शिरली, मागे दार खटकन लागलं आणि नाक समोरच्या प्लायवुडवर आपटलं. खोली नव्हतीच. मालिकावाल्यांनी नुसतं दार उभारलं होतं. मागे जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट, आणि आत्या काही जेमतेम नव्हती. आतून कडी नाही. वळताही येईना.

"वाचवा!" आत्या ओरडली. "मेले! अहो, कोणीतरी या!"

कोणी आलं नाही.

स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते भाचीने आत्याला सुटका झाल्यावर लगेच सांगितलं. पहिल्या किंकाळीलाच शिवणबाईंनी गॅस बंद केला. मुलगा साखरेचा चमचा हवेत धरून पुतळा झाला. इतकी वर्षं दिवाणखान्यातून किंकाळी आली की जागचं हलायचं नाही, हा या घराचा नियमच होता. भाची धावणार, तोच शिवणबाईंनी तिचा दंड धरला. "शू! चालू आहे."

"काय चालू आहे? आत्या आहे ती!"

"अगं बाई!" म्हणत शिवणबाई धावल्या. दार उघडलं तेव्हा आत्या घामाने निथळत होती.

"मी ओरडत होते!"

"ऐकलं ना," शिवणबाई ओशाळून कुजबुजल्या. "फार छान ओरडलात."

यावर चिडावं की हसावं ते आत्याला कळेना. ती पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि तिचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"उद्या माझी पोर या घरात पडली, भाजली, ओरडली, तर तुम्ही गॅस बंद करून उभ्या राहणार?"

शिवणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या खाली गेल्या आणि कापडाची मोठी कात्री घेऊन आल्या. तिचं टोक त्या खोट्या दाराच्या प्लायवुडच्या कडेत खुपसून त्यांनी जोर लावला. मुलगा धावला, "आई, लोक हेच बघायला येतात!"

"येऊ देत!" शिवणबाई ओरडल्या. आवाज फाटका, चिरका निघाला. आपल्याच आवाजाने त्या दचकल्या. फळी धाडकन जिन्यावरून गडगडत खाली गेली.

"घशातून नाही हो, पोटातून!" आत्या म्हणाली. "म्हणा, पुढे सरका!"

"पुढे सरका!"

"अजून मोठ्याने! मागचे ऐकत नाहीयेत!"

भाचीने आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "हो म्हणते गं. पण आधी तुझ्या सासूबाईंना नीट ओरडता येऊ दे."

लग्न झालं, त्याला आता बरेच दिवस झाले. सून नोकरीला जाते. शिवणबाई त्याच दिवाणखान्यात दुपारी शिवणाचा वर्ग घेतात आणि त्यांचं "पुढे सरका!" रस्त्यापर्यंत ऐकू येतं.