पांढरा मणी आपल्याकडे

जैबूनआपा गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी हॉटेलच्या लिननरूममध्ये धुऊन आलेल्या चादरी ताब्यात घेत होते. पहिली गोष्ट मी ही केली, की त्या मेसेजवर विश्वास ठेवला नाही. तो इथल्या, बहारीनमधल्या आमच्या अरादच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला होता, कुणाचा तरी कुणीतरी पुढे ढकललेला, आणि याच ग्रुपवर मागे एका धडधाकट माणसाला सगळ्यांनी श्रद्धांजलीचे हात जोडून झाले होते. मी चादरी बाजूला ठेवल्या, दार लावून घेतलं आणि दापोलीजवळच्या त्यांच्या गावी थेट इरफानला, म्हणजे आपांच्या मुलाला, फोन लावला. तो म्हणाला, "खरं आहे मावशी. पहाटे झोपेतच." मी विचारलं, रात्री काय जेवल्या होत्या, पाणी कुणी दिलं, डॉक्टर स्वतः येऊन बघून गेले का. तो रडता रडताच हसला. "मावशी, तुम्ही अगदी अम्मीसारखं विचारताय." तेव्हा मात्र मला पटलं.

त्याला आता दीडेक महिना झाला. आपा आमच्या हॉटेलच्या क्लबमध्ये बायकांच्या वॉशरूमला अटेंडंट होत्या आणि मी हाउसकीपिंगच्या ऑफिसात. ड्यूट्या लावायच्या, साठा बघायचा, कोण रजेवर कोण आजारी ते सांभाळायचं, असं माझं काम. मला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते. आपांना प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असली तरी तिथे ती कुणी ठेवली, हे कळावं लागायचं. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो, स्टाफच्या एकाच बसने जात होतो. सुरुवातीला मला त्या आवडत नव्हत्या. बसमध्ये कुणी बडीशेप पुढे केली तरी त्या आधी वास घ्यायच्या आणि मग देणाऱ्यालाच म्हणायच्या, "तू खा आधी." ड्रायव्हरला त्याचा राग यायचा. मलाही यायचा, कारण एकदा बडीशेप माझी होती.

बहारीनमध्ये हॉटेलांत दारू मिळते. वीकेंडला शेजारच्या दारूबंदीच्या देशातून समुद्रावरच्या पुलावरून गाड्या भरभरून लोक येतात, आणि शुक्रवारी दुपारी ब्रंच असतो, म्हणजे भरपेट जेवण आणि हवी तेवढी दारू. नाचगाणं दिवसाउजेडीच सुरू होतं. अशा वेळी मुलींची एक अडचण असते, ती मला आपांमुळे कळली. वॉशरूमला जाताना हातातल्या ग्लासचं काय करायचं? टेबलावर सोडला तर त्यात कोण काय टाकेल सांगता येत नाही. म्हणून मुली ग्लास घेऊनच यायच्या आणि आपांच्या काउंटरवर ठेवायच्या. आपांनी त्यावर घरचा उपाय काढला. आपल्याकडे दुधाच्या भांड्यावर घालायला क्रोशाची जाळी करतात ना, कडेला मणी लावलेली, तशा जाळ्या त्या काउंटरमागे बसून विणायच्या. कुणाची हिरव्या मण्यांची, कुणाची लाल. ज्या मुलीचा ग्लास तिची जाळी. मी एकदा म्हटलं, "आपा, जाळीला भोकं आहेत. पावडर टाकणारा वरूनही टाकेल."

"टाकू दे ना. माझ्या डोळ्यांदेखत टाकेल काय? वरून टाकली तर दोऱ्यात अडकून दिसेल. मी पाठमोरी झाले की जाळी उचलूनच टाकेल." मग त्यांनी मला जाळी फिरवून दाखवली. सगळ्या हिरव्या मण्यांत एकच मणी पांढरा होता. "ठेवताना पांढरा मणी आपल्याकडे. कुणी उचलून परत ठेवली, की तो बरोबर तिथेच येत नाय. बघ तू करून." मी करून पाहिलं. खरंच आला नाही. मी दुसऱ्यांदा केलं, तेव्हा आला. आपा म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं म्हणून. चोराला ठाऊक नसतं."

एका दुपारी मी टॉवेल मोजायला खाली गेले, तर एका हवाईसुंदरीने टिश्यूच्या घडीतून काहीतरी पांढरं, लहानसं आपांच्या हातात सरकवलं. आपांनी ते पटकन पर्समध्ये टाकलं. या देशात असल्या गोष्टीत नाव आलं की आधी तुरुंग आणि मग विमान. मी घरी जाईपर्यंत काही बोलले नाही. बसमधून उतरल्यावर बिल्डिंगच्या दारात म्हटलं, "आपा, पर्स उघडा." मला वाटलं भांडतील. त्यांचा चेहरा खुलला. "शाब्बास गो बाय! इतके दिवस ती आणून देतेय, कुणी विचारलं नाय, मलाच काळजी वाटायला लागलेली." आत कागदाच्या पट्ट्यांचं पाकीट होतं. पट्टीवर ग्लासातला थेंब टाकायचा. गुंगीची एक-दोन औषधं त्यात असतील तर पट्टी तसं दाखवते. युरोपातल्या काही शहरांत नाचाच्या जागी लोक टेबल मांडून बसतात म्हणे. तुम्ही तुमच्याकडची नशेची गोळी दाखवायची, ते तपासून ती नेमकी कशाची आहे ते सांगतात. पकडून देत नाहीत, उपदेशही करत नाहीत. हवाईसुंदरीने हे आपांना सांगितलं होतं आणि पट्ट्या आणून दिल्या होत्या.

मला ते मुळीच पटलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे घ्या म्हणून परवानगीच की. आणि कागदावर विश्वास ठेवायचा? तुम्ही माझ्या बडीशेपेवर ठेवला नाहीत."

आपा पायरीवर बसल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "इरफानचा बाप गावची भट्टीची पिऊन गेला. तुला सांगितलं नव्हतं. डोळ्यांना दिसत नाय म्हणायला लागला, आणि घरच्यांनी दार लावून घेतलं. मुसलमानाच्या घरात दारू… इज्जत जाईल. डॉक्टर आला तो सगळं झाल्यावर. पिणारा पितोच गो. दार लावणारे मारतात त्याला." त्यानंतर मी पट्ट्यांबद्दल बोलले नाही. पण माझा संशय गेला नाही. तो कागद "यात काही नाही" असं म्हणाला, तर माणूस डोळे मिटून पिणार, हे मला दिसत होतं.

आणि तसंच झालं. मृणाल नावाची पुण्याची मुलगी होती, इथे एका ऑफिसात नोकरीला. मराठी बोलते म्हणून आपांची फार लाडकी. हिरव्या मण्यांची जाळी तिची. त्या शुक्रवारी ब्रंचला ती मैत्रिणींबरोबर आली होती. आपांकडून जाळी नेऊन, ती घालून ग्लास टेबलावरच ठेवून ती नाचायला गेली. परत आली तर पांढरा मणी भलतीकडे. ती ग्लास घेऊन आपांकडे आली. आपांनी थेंब टाकला, थांबल्या, पट्टीने काही दाखवलं नाही. आपा म्हणाल्या, "साफ आहे. पी." ती प्यायली.

जरा वेळाने माझा इंटरकॉम वाजला. "बाय, कुणाला काय बोलू नकोस. खाली ये." मी गेले तेव्हा मृणाल काउंटरमागच्या खुर्चीत कलंडली होती. डोळे अर्धवट, जीभ जड, श्वास घोरल्यासारखा. आपा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि मला एकच वाक्य सारखं सांगत होत्या, "मी साफ म्हटलं गो तिला. मी साफ म्हटलं." मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, "ते नंतर. आता हिने आणखी काय घेतलंय ते विचारा." मला तिने कधीच सांगितलं नसतं.

आपांनी तिचा चेहरा हातांत धरला. "मृणाल, ए मृणाल. इथे पोलीस नाय. तुझा बाप नाय. मी एक म्हातारी आणि ही एक चादरीवाली. काय घेतलंस? डॉक्टरला लागेल, मला नाय."

"गोळी… अर्धीच… मैत्रिणीनं दिली, टेन्शनची…" मग तिने माझा हात पकडला. "प्लीज, कुणाला सांगू नका. व्हिसा जाईल माझा."

आम्ही तिला कुशीवर वळवलं. तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. मी आपांकडे पाहिलं. ॲम्ब्युलन्स बोलावली तर पट्ट्या निघणार, पट्ट्या निघाल्या तर आपांची नोकरी जाणार, कदाचित त्याहून वाईट. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. "लाव फोन," त्या म्हणाल्या. "दार उघडं ठेव."

मी फोन लावून झाला तेवढ्यात आमचे ड्यूटी मॅनेजर दाराशी आले. आत येता येईना म्हणून बाहेरूनच म्हणाले, "मॅडम, मेन गेट पे ॲम्ब्युलन्स? आज ब्रंच है! नींबू-पानी पिलाओ, थोडा सो जाएगी।"

आपा आतून ओरडल्या, "सो जाएगी, वोही तो डर है!"

ॲम्ब्युलन्स आली. आपांनी त्या लोकांना मोडक्या अरबी-हिंदीत सगळं सांगितलं: अर्धी गोळी, कशाची माहीत नाही, वरून वाइन, केव्हापासून अशी आहे. "माहीत नाही" त्यांनी दोनदा सांगितलं. स्ट्रेचर निघताना एक तरुण धावत आला आणि मृणालची पर्स देऊन गेला. फार सभ्य होता. तिच्या टेबलावर तो नव्हता, हे मी नंतर विचारून खात्री करून घेतलं. त्याने काही केलं असेल असं मी म्हणत नाही. पण पर्स तिचीच हे त्याला कसं कळलं, हा प्रश्न मला आजही पडतो. मणी कुणी हलवला, ग्लासात पट्टीला न कळणारं काही होतं, की सगळं त्या अर्ध्या गोळीनेच केलं… आम्हाला कधीच कळलं नाही.

मृणाल वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली. पुढे तिची काय चौकशी झाली ते आमच्यापर्यंत आलं नाही. ती भारतात परतली एवढं समजलं. स्वतः गेली की पाठवली, कुणी सांगेना. आपा म्हणायच्या, "गेली असेल तिची नोकरी माझ्यापायी. मिळेल दुसरी. जीव दुसरा मिळत नाय." हॉटेलने आम्हा दोघींकडून खुलासा लिहून घेतला आणि नोकऱ्या राहू दिल्या. पट्ट्या खलास, त्या ठेवल्या तर आमच्याकडच्या दारूत काही असतं असा अर्थ होतो, असं वरून आलं. जाळ्यांचं काय, म्हणून मीच विचारलं. साहेबांनी एक उचलून पाहिली आणि म्हणाले, "ये रहने दो। डेकोरेशन अच्छा है।" आपा बाहेर येईपर्यंत गंभीर होत्या. लिफ्टचं दार बंद झालं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पण त्या दिवसानंतर "साफ" हा शब्द त्यांनी टाकला तो टाकलाच. कुणी मुलगी ग्लास पुढे करून "आपा, सेफ है ना?" असं विचारायची, तर त्या म्हणायच्या, "हाथ नहीं लगा, इतना मालूम। बाकी मफी मालूम।" मफी म्हणजे इथल्या अरबीत नाही. आणि लगेच पुढे, "तुमने और क्या लिया है, वो बताओ।" मुली आधी बिचकायच्या. मग हळूहळू सांगायच्या. कुणी डोकेदुखीची गोळी, कुणी झोपेची, कुणी आणखी काही. आपा ऐकून घ्यायच्या, चेहरा बदलू द्यायच्या नाहीत. एखादीला म्हणायच्या, आज पिऊ नकोस. एखादीला, एकटी जाऊ नकोस, इथे माझ्यापाशी बस. मला तेही पूर्ण पटत नव्हतं. मी म्हणायचे, आपा, तुम्ही डॉक्टर नाही. त्या म्हणायच्या, "म्हणून तर विचारते. डॉक्टर असते तर सांगितलं असतं." सगळ्या मुली खरं सांगत असतील असं मला वाटत नाही. आपांनाही वाटत नव्हतं.

गावी रजेवर जायच्या आदल्या दिवशी त्या माझ्या ऑफिसात आल्या आणि टेबलावरच्या माझ्या पाण्याच्या ग्लासवर एक जाळी ठेवून गेल्या. जांभळे मणी, त्यात एक पांढरा. मी म्हटलं, "इथे कोण येतंय माझ्या पाण्यात काही टाकायला?" त्या दारातून म्हणाल्या, "तेच मला माहीत नाय."

इरफानचा फोन ठेवून त्या दिवशी मी ऑफिसात परत आले. तहान लागली होती. पांढरा मणी खिडकीकडे वळलेला होता. एसीचा झोत थेट टेबलावर येतो, साफसफाईचा माणूस फडकं मारून जातो, मी स्वतःच निघताना धक्का दिला असेल… सगळी कारणं मला दिसत होती. मी उठले, पाणी बेसिनमध्ये ओतलं, ग्लास विसळून नवीन भरला. जाळी ठेवली. मणी माझ्याकडे वळवला, आणि मग कुठे रडायला बसले.