हिच्यासाठी आयपीस

दुर्बीण माझ्या बायकोची. ती म्हैसूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि संध्याकाळी आमच्या सरस्वतीपुरमच्या गच्चीवर विद्यार्थ्यांना चंद्र दाखवायची. मी हेब्बाळच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने यायचो आणि चहा घेऊन पेपर उघडायचो. "अहो, एकदा तरी येऊन बघा," ती म्हणायची. मी उद्यावर ढकलायचो.

मी निवृत्त झालो आणि चारच महिन्यांत तिला पक्षाघाताचा झटका आला. ती वाचली, पण उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, 'हो'. डॉक्टर म्हणाले, नजरेचाही काही भाग गेला असेल; किती, ते तिलाच विचारायला हवं. विचारलं की ती म्हणायची, हो.

दुर्बिणीने तिच्यात काही जागं होईल, असं माझ्या मनाने घेतलं. स्वयंपाकघराला लागूनच गच्ची, त्यामुळे चाकाची खुर्ची नेणं सोपं होतं. पण दुर्बिणीला डोळा लावतात ते भिंग, म्हणजे आयपीस, तिच्याकडे होतं ते फार बारीक. डोळा अगदी चिकटवावा लागे आणि तिची मान तेवढी स्थिर राहत नसे. तिच्याबरोबर तारे बघणाऱ्या एका कन्नड गृहस्थांना मी फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं की आयपीसवरचा आकडा मोठा, तर चंद्र लहान दिसतो, पण बघणं सोपं होतं. मी बत्तीसचं मागवलं. तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून डोळा भिंगापाशी नेला आणि विचारलं, दिसतो का चंद्र? ती म्हणाली, हो. त्या दिवशी मी मुलीला फोन करून सांगितलं की आईला चंद्र दिसला.

मग मला थांबवेना. तिच्या जुन्या वहीत आयपीसबद्दलच्या नोंदी होत्या, त्या मी रोज दुपारी वाचू लागलो. तीस वर्षं ही कशाबद्दल बोलत होती ते आत्ता कुठे कळत होतं, आणि अडलं तर विचारायला ती असून नव्हती. दुसरं आयपीस घेतलं, जास्त आकाश दाखवणारं. हे बरं वाटतं? हो. वहीत तिच्या अक्षराखाली मी लिहिलं, 'हे आवडलं.'

तिसरं आलं ते डोळा बराच लांब ठेवूनही दिसावं असं. दिवेलागणीला गुरू वर आला होता. जुन्या आयपीसमधून मी तो नीट मधोमध आणला, नवं बसवलं आणि आधी तिलाच दाखवलं.

"दिसतो गुरू?"

"हो."

"आधीपेक्षा स्पष्ट?"

"हो."

मग मी डोळा लावला. आत मिट्ट काळोख. काढून बघितलं, तर आयपीसच्या खालच्या तोंडाचं प्लॅस्टिकचं झाकण मी काढलंच नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती. मला राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. चंद्रही तिला दिसला नसेल. किंवा चंद्र दिसला असेल आणि आज फक्त माझ्या समाधानासाठी हो म्हणाली असेल. कदाचित 'नाही' म्हणायचं असेल आणि तोंडातून दुसरं काही निघतच नसेल. तिने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. त्याचाही अर्थ मला लावता आला नाही. झाकण काढून पुन्हा दाखवायचा धीर झाला नाही. मी तिला आत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उप्पीट भरवताना रोजच्यासारखं विचारलं, पोट भरलं का? ती म्हणाली, हो. वर्षभर या शब्दावर मी बशी उचलून नेत होतो. त्या दिवशी चमचा हातात धरून तसाच बसून राहिलो. अजून एक घास द्यावा की देऊ नये, मला कळेना.