सातव्या झाडाचा धुक्या

शिट्टीमामांचे समोरचे दोन दात काढले, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मेव्हणा म्हणाला, "बरं झालं दाजी. तीस वर्षांनी का होईना, ताईला जरा शांतता मिळेल." तोंडात कापूस असल्यामुळे मामांना उत्तर देता आलं नाही. एरवी त्यांनी ते उधार ठेवलं नसतं.

मामा पक्षी मोजायचे. धंदा विचारणाऱ्याला हे सांगितलं की तो आधी हसायचा, मग दुसरं काय करता म्हणून विचारायचा. दुसरं काही नव्हतंच. गावाच्या डोक्यावर जो डोंगर होता त्याच्या वरच्या रानात दर वर्षी ठरलेल्या पंधरा दिवसांत, उजाडताना, चुन्याचे आकडे घातलेल्या बारा झाडांखाली दहा-दहा मिनिटं उभं राहायचं आणि जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं. वर्षाचे उरलेले दिवस पायवाटा साफ ठेवायच्या, आकड्यांना चुना लावायचा आणि कार्यालयातल्या ओल आलेल्या कपाटांतल्या जुन्या वह्या उन्हात घालायच्या.

ते रान बघण्यासारखं होतं. जसजसं वर चढावं तशी झाडं बुटकी व्हायची, अंगावर शेवाळाची जाड गोधडी पांघरायची आणि दुपार झाली की धुक्यात उभ्या उभ्या झोपायची. गावाच्या नळाला येणारं पाणी तिथूनच पाझरत यायचं. पहाटेला मात्र तिथे पडदा वर जायचा. आधी कुठून तरी एक माशीमार घसा साफ करायचा, मग सुतार ठोके द्यायचा, कबुतरं खर्जात धरायची, आणि बघता बघता साठ-पासष्ट जातींचं सगळं मंडळ एकदम गायला लागायचं. मामा डोळे मिटून प्रत्येकाला नावानिशी ओळखायचे.

पण कागदावर किंमत एकाचीच होती. धुक्या नावाच्या पक्ष्याची. दिसायला अगदीच किरकोळ. मुठीएवढा, भिजलेल्या पाचोळ्याच्या रंगाचा, जमिनीवरून उंदरासारखा पळणारा. शीळ तीन सुरांची, तिसरा सूर वर चढून अर्ध्यातच सोडून दिलेला. जगाच्या पाठीवर तो फक्त या एका डोंगरावर होता, आणि त्याच्यासाठी म्हणून वरच्या रानात कुऱ्हाड चालवायला बंदी होती. नियम सरळ होता: सलग तीन वर्षं धुक्याची नोंद झाली नाही, तर बंदी उठणार. खडीच्या खाणीवाले त्या दिवसाची वाट बघत बसलेच होते.

मामांच्या बाजूच्या वाटेवर धुक्या सहा वर्षं बोलला नव्हता. त्यांच्या वह्या त्या रकान्यात कोऱ्या होत्या आणि कोऱ्याच राहिल्या. न ऐकलेलं लिहायचा त्यांचा स्वभाव नव्हता. रानाची अब्रू राखली ती मेव्हण्याने. तो डोंगराच्या कण्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या धारेच्या, पलीकडच्या बाजूने मोजायचा. लागोपाठ चार वर्षं त्याच्या वहीत त्या बाजूच्या सातव्या झाडापाशी धुक्या नोंदला गेला होता. मेव्हणा आयुष्यात दोनदा नापास झाला, तीन नोकऱ्यांतून निघाला, शेवटी मामांनीच त्याला या कामावर चिकटवला. पण धुक्या त्याला ऐकू आला! पेपरात फोटो छापून आला. तो कापून, चौकट करून त्याने दारासमोरच्या भिंतीवर लावला होता; घरात येणाऱ्याने चप्पल काढायच्या आधी तोच बघावा अशा बेताने.

दात काढल्यानंतर पंधरवड्याने मोजणी झाली. मेव्हणा खाली आला तो पडलेल्या चेहऱ्याने. कार्यालयात बाकावर बसून त्याने ओले मोजे काढले आणि धुक्याचा रकाना कोरा असलेली वही मामांच्या मांडीवर टाकली.

"काहीच नाही दाजी. पंधराही दिवस नाही. अहो, सहा चाळीसला बोलायचा तो. घड्याळ लावून घ्यावं असा."

मामा वही चाळत होते. त्यांचं बोट थांबलं.

सहा चाळीसला मामांची सातव्या झाडाखालची दहा मिनिटं संपायची. ते वही मिटून खिशात घालायचे आणि मग एकदा, फक्त एकदा, धुक्याची शीळ घालायचे. पूर्वी मोजणीची रीतच ती होती: माणसाने शीळ घालायची, पक्ष्याने उत्तर द्यायचं. पुढे कार्यालयात साहेब म्हणून एक बाई आल्या आणि त्यांनी शीळ बंद केली. गुपचूप उभं राहून ऐकायचं, असा नवा नियम झाला. मामांनी तो पाळला. पण वही मिटल्यावर मोजणी संपली, असा त्यांचा हिशेब. सातव्या झाडाखालीच त्यांनी धुक्या शेवटचा ऐकला होता. ओळखीच्या घराला कुलूप दिसलं तरी जाता जाता आपण कडी वाजवतो, तसं ते शीळ घालायचे. कण्याला तिथे खिंड होती. वारा पलीकडे जायचा. आणि पलीकडे, त्याच वेळी, मेव्हणा आपल्या सातव्या झाडाखाली पेन्सिल घेऊन उभा असायचा.

या वर्षी दात नव्हते. ओठांतून नुसती फूं आली होती.

मामा घरी आले आणि जेवणावरून उठले. मामींनी विचारलं तर दाढ दुखते म्हणाले. सोमवारी बाईंनी त्यांना बोलावलं. बाईंच्या टेबलावर कागद तयार होता. यंदाचं वर्ष कोरं गेलं तरी काळजी नाही, मागच्या वर्षीची नोंद आहे, अजून दोन वर्षं हातात आहेत, असं त्या भराभर सांगत होत्या. फक्त समितीपुढे सर्वांत जुन्या मोजणाऱ्याची सही हवी, की मागच्या नोंदी खऱ्या आहेत. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

मामांनी पेन हातात घेतलं. बाई बोलत होत्या तेवढ्यात त्यांनी स्वतःला समजावलं होतं, की एका सहीने रान वाचत असेल तर सही करणारा नरकात गेला म्हणून कुणाचं काय बिघडलं? पण समोरच्या कपाटात एकतीस वर्षांच्या वह्या होत्या. त्यातली एक ओळ खोटी ठाऊक असून खरी म्हटली, तर उद्या उरलेल्या वह्यांना कोण विचारणार? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं.

बाईंनी पेन उचलून त्याला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं हे रान तुमच्या तोंडावर उभं होतं, मामा."

"बाकीचे पासष्ट आहेत की, बाई. नळाचं पाणी आहे. ते नाही धरता येत?"

"मी लिहीन," बाई म्हणाल्या. "सगळे लिहीन."

त्यांनी लिहिलंही, इमानेइतबारे, प्रत्येक पक्ष्याच्या नावासकट. समितीने यादी ठेवून घेतली.

मेव्हण्याला मामांनी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या वेळी मामा गेले तेव्हा भिंतीवर चौकटीच्या जागी फिकट चौकोन होता आणि दार पूर्ण उघडलंच नाही. ताईशीही तो फोनवर हो-नाही एवढंच बोलायचा.

दोन महिन्यांनी हुकूम आला. वरचं रान खुलं झालं. आठवड्याभरात माणसं चढली आणि झाडांवर चुन्याच्या आकड्यांशेजारी लाल रंगाच्या खुणा पडल्या. मामा ते बघायला गेले नाहीत. पडवीत खुर्ची टाकून, डोंगराकडे पाठ करून बसायला लागले.

अशा एका दुपारी मेव्हणा आला. दाढी वाढलेली, पायात चिखल. तो वर जाऊन आला होता. उंबऱ्यावरच उभा राहून त्याने सांगितलं, की सातवं झाडही गेलं, दोन्ही बाजूंचं. मामींनी आतून तांब्यात पाणी आणून दिलं. त्याने ते हातातच धरलं.

"दाजी, एक विचारू?"

"विचार की."

"शेवटची तीन वर्षं तुम्ही होतात. मान्य. पण ते पहिलं वर्ष... फोटोचं. तो तरी खरा होता ना?"

मामांना ती पहाट लख्ख आठवत होती. धुकं नव्हतं, वारा पलीकडे होता आणि शीळ अशी साधली होती की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली होती. त्या नोंदीला आता कागदावर काडीची किंमत उरली नव्हती. कुठल्याही समितीला ती नको होती. हवी होती ती फक्त या एका माणसाला.

"त्या वर्षी मला खोकला होता," मामा म्हणाले. "पंधरा दिवस घसा धरलेला. शीळ कुठली घालतोय?"

मेव्हण्याने त्यांच्याकडे बघितलं. मग तांब्याकडे. मग तो खाली बसला आणि घटाघटा सगळं पाणी प्यायला.

आत मामी धान्य निवडत होत्या. तीस वर्षांत नवऱ्याला कधी खोकला झाला, किती दिवस झाला आणि काय दिल्यावर थांबला, हे त्यांना तोंडपाठ होतं. सुपावरचा त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी भावाला विचारलं, जेवूनच जाशील ना?