दुसऱ्या मजल्यावरचं बंद बिऱ्हाड

दंगल मुंबईत पेटली होती. डोंबिवलीत, मानपाडा रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत, फक्त बैठका होत होत्या. त्यातल्या एकीत एकमताने ठरलं, की जिन्याखालच्या फळ्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या नावाची पट्टी काढायची आणि त्या जागी 'बंद' अशी पट्टी सरकवायची. इमारतीतलं ते एकच मुसलमान बिऱ्हाड. मूळचं कोकणातलं, घरातही मराठीच बोलणारं. बाई बालवाडीत शिकवायच्या, नवरा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझर.

"तुमच्याच भल्यासाठी हो," अध्यक्ष म्हणाले. हे निवृत्त मुख्याध्यापक. बाईंनी मान डोलावली. त्या आठवड्यात ते भल्याचं होतंही.

पुढे शांतता परतली, पट्टी परतली नाही. नवीन पोस्टमन फळा वाचून त्यांची पत्रं माघारी न्यायचा. बाई विचारायच्या, "सर, आता लावायची ना?"

"वातावरण जरा निवळू दे."

गणपती झाले, गच्चीवर कोजागिरीचं दूध आटलं, दिवाळी झाली. वातावरण फळ्यापुरतंच निवळेना.

दरम्यान मुख्याध्यापकांनी मुलांसाठी चित्रपुस्तक लिहिलं. शहरात दंगल होते. एका इमारतीतले लोक शेजाऱ्याकडे आधी संशयाने पाहतात, मग त्याला घरात लपवतात, शेवटी सगळे मिळून शिरखुर्मा पितात. चित्रातल्या शेजाऱ्याला लांब दाढी आणि जाळीची टोपी. आमचे शेजारी रोज गुळगुळीत दाढी करून सफारीत कामावर जायचे.

प्रकाशन गच्चीवर झालं. नगरसेवक तासभर उशिरा आले आणि सहिष्णुतेवर तेवढाच वेळ बोलले. बाईंना शाल, नारळ आणि दोन शब्द बोलायला माईक.

"पुस्तक सुंदर झालंय, सर," बाईंनी शेवटचं पान उघडलं. "यात जिना काढलाय. फळ्यावर सगळ्यांची नावं आहेत, आमचंसुद्धा. खालच्या फळ्यावर कधी लावताय, तेवढं आज सांगा."

माझ्या मागून कुणीतरी पुटपुटलं, "अगं बाई, हे इथे काढायचं असतं का?"

"तो विषय पुढच्या सभेत घेऊ," मुख्याध्यापक म्हणाले आणि बटाटेवडे आले.

पुढच्या सभेत विषय आला. 'उगाच कुणाचं लक्ष जायला नको' म्हणून तो त्याच्या पुढच्या सभेवर गेला. त्यानंतर बाईंनी विचारणं सोडलं. महिन्याभरात त्यांनी मुंब्र्याला जागा पाहिली. फ्लॅट विकायला सोसायटीचा ना-हरकत दाखला लागतो. तो मात्र दुसऱ्याच दिवशी मिळाला.

निघताना त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा मुख्याध्यापक खरोखर दुखावले होते. "आम्ही कधी परकं मानलं का तुम्हाला? अहो, तुमच्यावर पुस्तक लिहिलं मी!"

"हो ना, सर," बाई म्हणाल्या. "त्यात आम्ही अजून इथेच राहतोय."

सरांनी ते कौतुक समजून हात जोडले. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.