रुमालवाल्या चाचांचा शब्द

परंड्याच्या बैलबाजारात रुमालवाल्या चाचांइतका कमी बोलणारा दलाल दुसरा नव्हता. दलाल म्हटला की तोंडाचा पट्टा आलाच. पण हे गृहस्थ खांद्यावरचा तांबडा रुमाल काढायचे, त्याखाली आधी विकणाऱ्याचा हात धरायचे, मग घेणाऱ्याचा. बोटं दाबून भाव ठरे. भोवती शंभर माणसं असली तरी तिसऱ्याला पत्ता लागत नसे. सौदा फिसकटला तरी कुणाची अब्रू जात नसे.

बोलायचे ते फक्त बैलाविषयी. जबडा उघडून दात बघायचे आणि मालकाच्या तोंडावर सांगायचे, "म्हातारा हाय. उगं तरना म्हनू नगा." मालक चिडला की म्हणायचे, "मी बैलाचं सांगतुया, तुमचं न्हाय." चाचांनी एखाद्या बैलाला गरीब म्हटलं, की तो डोळे झाकून बायकापोरांच्या हाती द्यावा. माझा हरण्या मी त्यांच्याच शब्दावर घेतला होता.

आणखी एक त्यांचा हट्ट होता. सौदा झाला की मालकानं आपलं दावं स्वतःच्या हातानं सोडून घरी न्यायचं, घेणाऱ्यानं नवं बांधायचं. रिवाज जुनाच, पण कुणी घाईत दाव्यासकट बैल देऊ लागला की चाचा अडून बसत. "जनावर आपल्या मानसाला गळ्याशी हात घालू देतं. दुसऱ्याला देईलच असं न्हाय." मला तेव्हा हे जरा अतीच वाटे.

निजामीच्या शेवटच्या वर्षी आमच्या भागात बंदुकवाले मोकाट फिरत होते. ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांनी माझ्या शेतातून हरण्याला ओढून नेलं. दाद मागायची कुणाकडं? एका बैलावर तिफण चालत नाही आणि दुसरा घेण्याची ऐपत नव्हती. पेरणी चुकली असती तर वर्ष गेलं असतं. काही सुचेना म्हणून रविवारी बाजारात गेलो, तर लिंबाखाली हरण्या उभा! शेजारी दोघेजण, खांद्याला बंदुका.

मला बघताच हरण्या हंबरला. त्यातल्या एकानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचा मध्ये आले, त्यांनी माझा हात रुमालाखाली ओढला आणि बोटं अशी आवळली की डोळ्यात पाणी आलं. तो भाव नव्हता. गप राहा, एवढंच त्यात होतं. बघणाऱ्यांना वाटलं, गिऱ्हाईक आलं.

मग चाचा त्या दोघांना म्हणाले, "दावं सोडा जी तुमच्या हातानं. इथला रिवाज हाय."

बंदुकवाला पुढं झाला. त्याचा हात गळ्याशी जाताच हरण्यानं शिंगं अशी फिरवली की तो तोल जाऊन मागं पडला. कोणी हसलं नाही. आणि चाचा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "मारका हाय ह्यो! मीच इकला हुता, मला ठावं हाय. कुनी हात लावू नगा!"

बैल घ्यायला जमलेले चार जण मागं सरले. पडलेला माणूस उठला, त्यानं बंदूक हातात घेतली. "सच बोल, बुढ्ढे."

"तीस साल हो गये इस बाजार में," चाचा शांतपणे म्हणाले. "पूछो किसी को. कभी झूट बोल्या क्या मैं?"

बंदुकवाल्यानं भोवताली पाहिलं. रुमालाखाली मात्र चाचांनी माझी बोटं अजून आवळून धरली होती. शेवटी त्या माणसानं दाव्याचं टोक चाचांच्या अंगावर फेकलं. कनवटीचे चार पैसे देऊन चाचांनी त्यांची बोळवण केली आणि हरण्या माझ्या स्वाधीन केला. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

माझी पेरणी झाली. पण हरण्याला गुमान तिफण ओढताना कोणीतरी पाहिलं. पुढच्या बाजारी चाचा एका खोंडाचे दात सांगत होते, तर एक व्यापारी हसत म्हणाला, "चाचा, हे तरी खरं का?" बिचाऱ्यानं चेष्टाच केली होती. चाचांनी रुमालाची घडी केली, बगलेत मारली आणि घरी गेले. त्यानंतर कुणाच्या हातावर त्यांनी तो टाकला नाही. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "मानसं मला चांगलंच म्हनत्यात, बेटा. पन आता इचारून घेत्यात."

निजामी गेली आणि भीतीनं घर बदललं. आता दाराला कडी लावून चाचा बसू लागले. त्यांनी चाचींना घेऊन सोलापूरला लेकीकडं जायचं ठरवलं, तेव्हा मी गाडी जुंपली. कुर्डुवाडीपर्यंत मीच सोडायला निघालो. रस्त्यात काठ्या घेऊन बसलेली माणसं दिसली की चाची पदर ओढून घेत, आणि मला माझ्याच माणसांची लाज वाटे.

स्टेशनाशी चाचा उतरले, ते आधी हरण्यापाशी गेले. त्याच्या कपाळावर हात ठेवला. "तुला भर बाजारात बदनाम केला, बेटा. माफ कर," म्हणाले. हरण्या त्यांचा हात चाटत राहिला. खरं तर माफी मी मागायची होती. मी नुसताच जू सावरत राहिलो, आणि चाचा गेले. पुन्हा भेट झाली नाही.

हरण्या पुढं बरीच वर्षं जगला. माझी धाकटी लेक त्याच्या पोटाला टेकून भाकरी खायची. पण तो गरीब म्हणावा तर चाचा खोटे ठरतात. म्हणून बाजारात कोणी विचारलंच, तर मी सांगायचो, "मारका आहे. चाचांचा शब्द आहे."